रस्त्यावरून रूममध्ये: आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळव्यात दोन आणि कोपरखैरण्यात एक अशा तीन भाड्याच्या खोल्या आम्ही काही जण मिळून सांभाळतो. तिथे आज दहा माणसं राहतात. काही जण ठाणे स्टेशनबाहेर सॅटीसच्या पुलाखाली झोपायचे, काही तुर्भ्याच्या मार्केटच्या आसपास. काही जणी मनोरुग्णालयात बऱ्या होऊनही न्यायला कोणी आलं नाही म्हणून वर्षानुवर्षं तिथेच राहिल्या होत्या. फोनवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, शेअर रिक्षात तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदा बसून लिहून काढले. माणसांची नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे तपशील थोडे इकडेतिकडे केले आहेत.

हा आश्रम आहे का?

नाही. आश्रमात जागा संस्थेची, वेळापत्रक संस्थेचं, आणि देणगीदार आले की रांगेत बसून प्रार्थना म्हणायची. (हे ज्यांनी म्हटली त्यांनीच सांगितलं.)

निवारा केंद्रही नाही. निवारे हवेतच. जुलैच्या पावसात अंगाखालचा पुठ्ठा भिजून लगदा होतो तेव्हा कोरडी सतरंजी मिळणं म्हणजे जीव वाचणं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांना चोवीस तास, बारा महिने उघडे राहतील असे निवारे उभारायला सांगितलं. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा असा निकष आला. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाखांवर होती, नवी मुंबईची ११ लाखांवर. म्हणजे तेव्हाच्याच हिशोबाने ठाण्यात १८०० आणि नवी मुंबईत ११०० माणसांची सोय हवी. आपापल्या वॉर्डात निवारा कुठे आहे हे कधी शोधून बघा.

पण निवाऱ्यातली जागा रात्रीपुरती. सामान कुठे ठेवायचं, कितीला आत यायचं, दिवा कधी मालवायचा, हे सगळं दुसऱ्याच्या हातात. आमच्याकडे चाळीतली साधी खोली असते. भाडेकरारावर राहणाऱ्यांची नावं, किल्ली त्यांच्या खिशात, आणि आठवड्यातून दोन-तीनदा डोकावणारं एक ओळखीचं माणूस. त्याला आम्ही सोबती म्हणतो. अर्ज-अहवालात याला ‘आधारासह निवास’ असं भारदस्त नाव आहे. राहणारे नुसतं ‘रूम’ म्हणतात.

राहायला येणारे कोण असतात? भिकारी?

दहा जणांपैकी एकानेच कधी भीक मागितली, तीसुद्धा पाय मोडून पडला होता तेव्हा. बाकीचे हमाली, कॅटरिंग, भंगार, नाक्यावरची बिगारी करणारे. लग्नाच्या हॉलमध्ये तुमच्या ताटात जिलबी वाढणारा पोऱ्या रात्री कुठे झोपतो, असा प्रश्न आपल्याला पडत नाही, एवढंच. जनगणनेवाले बेघरांना मोजतात तेही रात्रीच. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री फलाटांवर, पुलांखाली, देवळांच्या पायऱ्यांवर मोजणी झाली. देशभरात १७ लाख ७० हजारांवर आणि महाराष्ट्रात दोन लाखांवर माणसं भरली. जी त्या रात्री कुठल्या ट्रकच्या हौद्यात झोपली असतील त्यांचं काय झालं देव जाणे.

आमच्यातल्या जुन्या मंडळींचं आयुष्य १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याच्या धाकात गेलं. त्यात पोलिसांना वॉरंटशिवाय उचलता येत होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आमचे एक काका आजही खाकी दिसली की रस्ता बदलतात. खिशात आधार कार्ड असतं, भाडेकराराची झेरॉक्स असते, तरी.

आधी दारू सुटू दे, औषधं नीट चालू होऊ देत, मग घर द्या. असं का नाही करत?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा चांगल्या मनाने येतो.

न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने क्रम उलटा करून पाहिला. आधी घर, बाकीचं नंतर. त्यालाच पुढे ‘हाउसिंग फर्स्ट’ म्हणू लागले. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, दोन हजारांवर बेघर आणि मानसिक आजार असलेल्या लोकांबरोबर त्याची मोठी चाचणी घेतली. शेवटच्या सहा महिन्यांत या पद्धतीने घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते. नेहमीच्या सेवांवर सोडलेल्यांत हा आकडा ३१ टक्के होता. मात्र व्यसनाच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक पडला नाही. ही दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, कारण घर दिलं की दारू सुटते असं सांगून देणग्या गोळा करणारेही भेटतात.

तिकडे भाड्याला सरकारी मदत होती आणि बहुतेकांना स्वतंत्र घर होतं. इथे आम्हाला तीन-चार जणांत एक वन रूम किचन जमवताना नाकी नऊ येतात. तेव्हा तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे लागू आहेत असं मी म्हणणार नाही. क्रम मात्र पटतो. आमचे एक काका अजून पितात. फरक असा की आता पिऊन घरी येतात, जेवतात आणि झोपतात. पूर्वी पडले की सकाळी पाकीट आणि चपला गायब. मी एकदा त्यांना उपदेश करायला गेले तर म्हणाले, “ताई, पुलाखाली एक रात्र शुद्धीत झोपून दाखवा, मग बोलू.” मी झोपून दाखवलेलं नाही.

पहिल्या रात्री काय होतं?

झोप लागत नाही. सगळ्यांना वाटतं माणूस आनंदाने पाय पसरून झोपेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पहिल्या रूमसाठी आम्ही हौसेने नवीन गाद्या, उशा, फुलाफुलांच्या चादरी आणल्या होत्या. सकाळी जाऊन बघतो तर तिघंही जमिनीवर. एक जण दाराला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन. चपला उशाखाली. उशी म्हणजे खरं तर पिशवी, कारण नवी उशी कपाटावर तशीच प्लास्टिकमध्ये. पंखा बंद, कळव्याच्या मे महिन्यात! का, तर पंख्याच्या आवाजात कोणी जवळ आलेलं ऐकू येत नाही. अठरा वर्षं ज्याने पावलांच्या आवाजावर झोप बेतली, त्याला शांत खोली म्हणजे धोका वाटतो. पंखा लागायला तीन आठवडे गेले. चपला उशाखालून निघायला चार महिने.

मनोरुग्णालयातून आलेल्यांचं वेगळं. तिथे वॉर्डातले दिवे कर्मचारी लावतात, कर्मचारी बंद करतात. एक मावशी पहिल्या संध्याकाळी अंधार पडला तरी तशाच बसून होत्या. सोबती गेली तेव्हा सात वाजून गेले होते, घरात मिट्ट काळोख. “दिवा का नाही लावला?” तर म्हणाल्या, “कोणी आलं नाही लावायला.” बटण कुठे आहे ते त्यांना दुपारीच दाखवलं होतं. माहीत होतं, पण लावायचं आपण, हे डोक्यात यायला वेळ लागला. पुढे दीड महिना त्या विचारत होत्या, “पाणी पिऊ का?” उत्तर काय द्यायचं यावर आमच्यात वाद झाला. “हो, प्या” म्हटलं तर परवानगी दिल्यासारखं होतं. शेवटी सोबतीने ठरवलं की उत्तरच द्यायचं नाही, आपण उठायचं, माठातून आपला पेला भरून घ्यायचा आणि पीत बसायचं. एक दिवस मावशींनी न विचारता दोन पेले भरून आणले.

घर मिळाल्यावर सुखी होतात ना?

कधी कधी. पण घराबरोबर जे येतं त्याची तयारी कोणी करून देत नाही, ते म्हणजे एकटेपणा.

फुटपाथवर एकटं राहता येत नाही. चहावाला असतो, गजरेवाली असते, शेजारी पथारी टाकणारा असतो, ज्याच्या भरवशावर तुम्ही पिशवी सोडून संडासला जाता. रूम मिळाली की ही सगळी माणसं एका झटक्यात सुटतात. दुपारी तीन वाजता चार भिंती, कुकरच्या शिट्ट्या शेजारच्या घरातून येतायत आणि करायला काही नाही. आमचे एक दादा पहिले दोन महिने रोज संध्याकाळी कळव्याहून लोकल पकडून ठाण्याला जायचे आणि जुन्या जागी दोन तास बसून परत यायचे. आम्हाला आधी भीती वाटली की परत जातायत. ते गप्पा मारायला जात होते, इतकंच. आता आम्हीच नवीन माणसाला सांगतो, जा भेटायला.

दुसरं म्हणजे मन थाऱ्यावर आलं की मागचं आठवायला लागतं. रस्त्यावर रोजची चिंता इतकी असते की मुलगी आठवायला सवड नसते. खोलीत सवडच सवड. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रडू यायला लागतं, चिडचिड होते, आणि ओळखीचे लोक म्हणतात, “एवढं केलं तरी हिचं तोंड वाकडंच.” तो काळ काढावा लागतो. त्या दिवसांत सोबतीने जास्त वेळा जावं, कमी बोलावं, भाजी निवडत बसावं.

एका खोलीत तीन-चार अनोळखी माणसं. भांडणं होत नाहीत?

होतात की! तुमच्या घरात होत नाहीत?

साखरेवरून होतात. मोरीत आधी कोण यावरून होतात. सगळ्यांत मोठं भांडण कपडे वाळत घालायच्या दोरीवरून झालं, कारण गॅलरीतली दोरी एक आणि उन्हाची बाजू अर्धीच. ते प्रकरण तीन दिवस चाललं. आम्ही मध्ये पडून वेळापत्रक करून दिलं, भिंतीवर चिकटवलं. ते दुसऱ्या दिवशी फाडलेलं दिसलं. मग त्यांचं त्यांनी ठरवलं: ज्याची ड्युटी सकाळची त्याला उन्हाची बाजू. आमच्या वेळापत्रकापेक्षा बरंच शहाणपणाचं.

कोणी कोणाबरोबर राहायचं हे आम्ही ठरवत नाही. आधी चार-सहा वेळा भेटवतो, एकत्र स्वयंपाक करायला लावतो. कोणाला तिखट चालत नाही, कोण घोरतं, कोण पहाटे चारला देवाची गाणी लावतं, हे आधी कळलेलं बरं. चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेने ‘होम अगेन’ नावाने हीच रीत बसवली आहे: बऱ्या झालेल्या चार-पाच जणींनी मिळून साध्या वस्तीत भाड्याने घर घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत त्या कामाची दखल घेतली. आम्ही शिकलो ते बरंचसं त्यांच्याकडे बघून.

खर्च कोण करतं?

कळव्याच्या एका रूमचं भाडं साडेआठ हजार, लाइट बिल वेगळं. राहणारे जमेल तसा वाटा देतात. एक जण तीन हजार देतो, एक मावशी तीनशे. उरलेलं आम्ही वर्गणीतून भरतो. तीनशे रुपये घेता कशाला, असं विचारतात. मावशींनी एकदा पैसे द्यायला उशीर झाला तर सोबतीला दारातच सांगितलं, “भाडं थकलंय माझं, पण चार दिवसांत देते.” थकलंय म्हणतानाचा तो आवाज ऐकला असतात तर विचारलं नसतं.

खरी अडचण डिपॉझिटची असते. पन्नास-साठ हजार एकरकमी, वर एजंटची दलाली.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला मिळणारी रक्कम २०२३ मध्ये हजाराची दीड हजार झाली. पण तिला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. पुलाखाली पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा कोण देणार?

घरमालक तयार होतात? सोसायटी काय म्हणते?

मागच्या खोलीसाठी अकरा ठिकाणी नकार आला. बॅचलर नको, हे पहिलं कारण. “बाया एकट्या? नवरे कुठेत?” हे दुसरं. आम्ही मानसिक आजाराबद्दल खोटं बोलत नाही, पण स्वतःहून तो विषयही काढत नाही. तुम्ही तुमच्या मालकाला शुगर आहे हे सांगता का?

करार नोंदवलेला हवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. शिवाय पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची. बऱ्याच मालकांना करार संस्थेच्या नावावर हवा असतो, त्यात त्यांना निश्चिंती वाटते. आम्ही हट्टाने राहणाऱ्यांची नावं घालतो. त्या कागदावर पुढचे सगळे कागद उभे राहतात.

शेजाऱ्यांचं सांगायचं तर कोपरखैरण्याला समोरच्या वहिनींनी पहिल्या महिन्यात आमच्याविरुद्ध सह्या गोळा केल्या. आज गावाला जाताना त्या आपल्या घराची किल्ली आमच्या मावशींकडे ठेवतात, तुळशीला पाणी घालायला. पण आमच्याकडे चहा अजून घेत नाहीत. “नुकताच झाला,” म्हणतात. हे असंच आहे.

ज्यांच्याकडे एकही कागद नाही त्यांचं काय?

इथे सगळ्यांत जास्त चपला झिजतात. आधारसाठी पत्ता हवा, पत्त्यासाठी भाडेकरार हवा, करारासाठी आधार हवा. हे वर्तुळ कुठेतरी फोडावं लागतं. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने दिलेलं प्रमाणपत्र आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं, त्यामुळे काहींना आधी निवाऱ्यातून कागद करून मग रूमवर आणलं. ज्यांचं आधार पूर्वी कधी काढलेलं असतं आणि हरवलेलं असतं, त्यांच्या बोटांचे ठसे जुळले तर काम सोपं होतं. पण वीस वर्षं गोणी उचललेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. एका काकांचे ठसे सहा वेळा नाकारले गेले. सातव्या वेळी त्यांनी आधी रात्रभर हाताला खोबरेल तेल लावून ठेवलं होतं. तेलाने झालं की ऑपरेटर बदलला म्हणून, माहीत नाही. डोळ्यांच्या बुबुळांवरूनही ओळख पटते, हे तोवर आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मतदार यादीचं मात्र एक छान आहे. बेघर माणसाला राहण्याचा कागदी पुरावा द्यावा लागत नाही. फॉर्म ६ वर जी जागा लिहिली तिथे तो खरंच झोपतो का, हे बूथ पातळीवरचा अधिकारी रात्री येऊन बघतो. म्हणजे मत देण्यासाठी फुटपाथ हा पत्ता चालतो. गॅस कनेक्शनसाठी चालत नाही.

सोबती नेमकं काय करतो? लक्ष ठेवतो का?

लक्ष ठेवणं आणि लक्ष देणं यात आमचीही गल्लत झाली आहे.

पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येक रूमची एक किल्ली आमच्याकडे ठेवायचो. अडीअडचणीला, असं म्हणून. सोबती टकटक करून, मग स्वतःच कुलूप उघडून आत जायचा, फ्रीजमध्ये बघायचा, गोळ्यांची पट्टी मोजायचा. राहणाऱ्यांनी तक्रार केली नाही. करणार कशी, आमच्यामुळे छप्पर होतं. एका दादांनी काय केलं, तर आपल्या पगारातून नवीन कुलूप आणून लावलं. सोबतीची किल्ली लागेना. आम्ही रागावलोच, आधी. मीटिंग घेतली, नियमांचं बोललो. दादा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “तुम्ही बेल वाजवा ना. मी आहे घरात.”

त्या दिवसापासून किल्ली बंद. रात्री दहाच्या आत घरात यायचा नियमही काढला. पाहुणे आणायचे नाहीत, हाही. चाळीतल्या बाकी भाडेकरूंना जे नियम तेच इथे. याने कधी गैरसोय झाली का? झाली. एकदा एकाने पुलाखालचे दोन मित्र आठवडाभर आणून ठेवले आणि बाकीच्यांना मोरीत नंबर लावावा लागला. त्यावर तोडगा घरातल्यांनी काढला, आम्ही नाही: पाहुणा दोन रात्री, तिसऱ्या रात्री त्याने डाळ-तांदूळ आणायचे.

मग सोबती करतो काय? बँकेत रांगेत उभा राहतो. डॉक्टरकडे बरोबर जातो. एटीएम शिकवतो. बाजारात अर्धा किलो मागायचं की पाव, हे जिला बारा वर्षं कधी मागावं लागलं नाही तिच्याबरोबर भाजी आणायला जातो. आणि बरेचदा नुसता बसतो.

घरी का पाठवत नाही? कोणीतरी असेलच ना?

जिथे जमतं तिथे पाठवलंच पाहिजे. आपल्याच बाजूला कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभर आपापल्या घरी पोचवते. त्या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण प्रत्येकाला घर असतं असं नाही, आणि ज्या घरातून बाई मार खाऊन पळाली तिथे तिला सोडून फोटो काढणं म्हणजे पुनर्वसन नव्हे. आमच्या एक मावशींना भावाचा पत्ता पाठ आहे. भाऊ फोनवर नीट बोलतो, दिवाळीला पैसे पाठवतो आणि “सध्या नको” म्हणतो. सध्याला नऊ वर्षं झाली. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १९ मध्ये स्पष्ट म्हटलंय की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही एवढ्या कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. समाजात राहण्याचा हक्क आहे. हक्क आहे, पण राहायचं कुठे, हा प्रश्न कायद्याच्या पानावरून आमच्यासारख्यांच्या फोनवर येतो.

बायकांसाठी काही वेगळं लागतं?

दाराला आतून दोन कड्या. आम्ही एक लावली होती, दुसरी त्यांनी मागितली.

ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून बऱ्या होऊन निघणाऱ्या बायकांबरोबर टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘तराशा’ या प्रकल्पाने बरंच काम केलं आहे, वर्किंग विमेन्स हॉस्टेलमध्ये राहून नोकरी करण्यापर्यंत. तरुण आणि कमावत्या बायकांसाठी ती वाट चांगली. साठीच्या मावशींना हॉस्टेल कोण देणार, म्हणून रूम.

एक प्रसंग सांगते. पहिल्या संक्रांतीला चाळीत हळदीकुंकू होतं. आमच्या तिघींना बोलावणं आलं नाही. एक टाकलेली, एक विधवा, एकीचं लग्नच झालेलं नाही. त्यांना न बोलावण्यासाठी आजाराचीही गरज नव्हती, तेवढं कारण आपल्याकडे पुरतं. दारात बसून तिघींनी जाणाऱ्या-येणाऱ्या साड्या बघितल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनीच हळदीकुंकू ठेवलं, रथसप्तमीच्या आदल्या दिवशी. वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या. चौदा जणींना बोलावलं, पाच आल्या. उरलेल्या नऊ गाळण्या कपाटात आहेत. “पुढल्या वर्षी विकत घ्यायला नकोत,” एवढंच मावशी म्हणाल्या.

औषध बंद केलं, पुन्हा आजार उलटला तर?

उलटतो. आमच्याकडे दोघांचा उलटला. पहिली खूण बहुधा झोप जाते ही असते, आणि ती आमच्या आधी रूममधल्या माणसांना कळते. दवाखान्यात नेतो, गरज पडली तर दाखल करतो. खोली जात नाही. हे वाक्य आम्ही दाखल होताना आणि नंतर भेटायला गेल्यावरही म्हणतो, कारण त्यांना तीच भीती असते.

एक तरतूद फार थोड्या लोकांना माहीत आहे. २०१७ च्या कायद्यानुसार कोणीही सज्ञान माणूस आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे आजारपणात उपचारांचे निर्णय घेताना आपल्या बाजूने उभं राहणारं माणूस, आधीच लिहून नेमू शकतो, आणि तो नात्यातलाच हवा असं नाही. आमच्या दोन मावशींनी एकमेकींना नेमलंय. रात्री-अपरात्री मदतीला टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहेच, १४४१६, मराठीतही बोलतात.

कोणी पुन्हा रस्त्यावर गेलं?

हो. तिघे गेले. एक परत आला, एक गावाला गेला असं ऐकलं, एकाचा पत्ता नाही. त्याची गादी आम्ही सहा महिने तशीच ठेवली होती. मग रूममधल्यांनीच सांगितलं की आता दुसऱ्याला बोलवा. चूक आमचीही होती: त्याला खोलीतली माणसं पटत नव्हती आणि आम्ही “सांभाळून घे” म्हणत राहिलो.

काम मिळतं का?

मिळतं, पत्ता असला की जास्त मिळतं. हाउसकीपिंग, पोळीभाजी केंद्र, मार्केटमध्ये लसूण निवडणं. काहींना आता झेपत नाही. त्यांच्यामागे कामाचा धोशा लावू नये.

माणूस गेल्यावर?

एकच मरण पाहिलं आतापर्यंत. काका झोपेतच गेले. रूममधल्या दोघांनी खांदा दिला, चाळीतले सातआठ जण आले. बँकेत बघितलं तर खात्यात चार हजार दोनशे रुपये होते आणि नॉमिनी म्हणून रूममधल्या दादांचं नाव. नात्याच्या रकान्यात काकांनी ‘घरातला’ लिहिलं होतं. कारकुनाने तो शब्द खोडून ‘मित्र’ केला होता.

आमच्या बिल्डिंगखाली एक बाई महिनाभर बसून आहे, स्वतःशी बोलते. काय करू?

आधी रोज दोन मिनिटं थांबा आणि नाव विचारा. उत्तर चौथ्या दिवशी मिळेल. जखम, ताप, उपासमार दिसत असेल तर १०८ ला फोन. स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल तर ११२ वर सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणं हे पोलिसांचं काम आहे, आणि तिला कोठडीत ठेवता येत नाही. पोलीस टाळाटाळ करू लागले तर कलमाचा आकडा शांतपणे सांगा, फरक पडतो. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका.

जुने कपडे, भांडी, गाद्या देऊ का?

कपडे नकोत. आमच्याकडे जुन्या साड्यांचं एक आख्खं कपाट आहे. डिपॉझिटला हातभार लावलात तर उत्तम. खोली भाड्याने द्यायची असेल तर त्याहून उत्तम, कळवा-खारेगाव किंवा घणसोली-कोपरखैरणे, तळमजला असला तर बरं. वस्तूच द्यायची असेल तर नवीन कुलूप द्या. चार माणसं राहणार असतील तर चार किल्ल्यांचं. पाचवी बरोबर आली तर तीही त्यांनाच देतो.